कामगार न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडताना

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांमधून भीमा वाहते, आणि तिच्या शिरूरकडील काठावरच्या वडगाव रासाईतून व आसपासच्या गावांतून तरुण मंडळी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, नदीपलीकडे कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत किंवा परिसरातील साखर कारखान्यांत कामाला जातात. शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा नसलेल्या घरात हा महिन्याचा पगारच मुलांच्या शिक्षणाचा, कर्जाच्या हप्त्यांचा आणि म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याचा आधार असतो. त्यामुळे कामगाराला एखाद्या दिवशी फाटकावरच अडवून ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले जाते, तेव्हा सारे घर अडचणीत येते. वकिलाची फी, पुण्याचे हेलपाटे आणि प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी यांचा हिशेब करून पुष्कळ कामगार दाद मागण्याचा विचारच सोडून देतात. वास्तविक कामगारविषयक कायद्यांची रचनाच अशी आहे की कामगाराला स्वतः उभे राहून आपले म्हणणे मांडता यावे, आणि त्यासाठी वक्तृत्वाची गरज नसते. मुदत पाळणे, कागद जपणे आणि नेमके प्रश्न विचारणे या तीन गोष्टी ज्याला साधतात, त्याची बाजू न्यायालयात उभी राहते.

आपण कायद्याच्या अर्थाने कामगार आहोत का?

सुनावणीत मालकाचा पहिला आक्षेप बहुधा हाच असतो की अर्जदार ‘कामगार’ नाही. अंगमेहनतीचे, कुशल वा अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारी व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बसते, तर व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय अधिकार वापरणारी व्यक्ती तिच्याबाहेर राहते. देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी पगाराची मर्यादा आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये ती दरमहा १०,००० रुपये होती आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती १८,००० रुपये आहे. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की न्यायालय नियुक्तिपत्रावरील हुद्दा पाहून थांबत नाही, तर प्रत्यक्ष काम काय होते ते तपासते. ‘सुपरवायझर’ म्हणवला जाणारा माणूस दिवसभर स्वतः यंत्र चालवीत असेल, कोणाची रजा मंजूर करण्याचा वा कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नसेल, तर हे सारे त्याने आपल्या अर्जात पहिल्याच परिच्छेदांत स्पष्ट लिहावे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली नोंदणी झालेल्या उमेदवाराला मात्र कामगाराचा दर्जा मिळत नाही, म्हणून ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेल्या व्यक्तीने आपली नोंदणी खरोखर त्या कायद्याखाली झाली होती का, हे आधी तपासावे.

कोणता मार्ग आणि किती मुदत

महाराष्ट्रातील कामगारापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत आणि निवड चुकली तर प्रकरण मूळ प्रश्नापर्यंत पोचण्याआधीच संपू शकते.

पहिला मार्ग म्हणजे महाराष्ट्र कामगार संघांस मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१. कामगार, संघटनांचे कार्यकर्ते आणि वकील या कायद्याखालील तक्रारीला ‘यूएलपी’ म्हणतात. अनुचित कामगार प्रथा म्हणजे मालकाने किंवा संघटनेने करू नये म्हणून कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेली वागणूक. चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीत सूडबुद्धीने, खोटा पुरावा उभा करून, उघडउघड खोट्या कारणासाठी, विनापरवाना गैरहजेरीचा असत्य आरोप ठेवून, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली करून किंवा किरकोळ चुकीबद्दल धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देऊन कामावरून काढणे यांचा समावेश होतो आणि तिची तक्रार कामगार न्यायालयात चालते. वर्षानुवर्षे तात्पुरते किंवा बदली म्हणून ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही सहावी बाब आणि करार वा निवाडा न पाळणे ही नववी बाब यांची तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते. कलम २८ नुसार ही तक्रार घटनेपासून ९० दिवसांच्या आत दाखल करावी लागते. सबळ कारण असल्यास न्यायालय उशीर माफ करू शकते, परंतु त्या माफीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. कलम ३० खाली अंतरिम आदेश मागता येतो, म्हणून बडतर्फीची कारणे दाखवा नोटीस हाती पडली आणि प्रत्यक्ष आदेश निघाला नसला तरी तेव्हाच तक्रार करून स्थगिती मागण्याची सोय या कायद्यात आहे.

दुसरा मार्ग समेटाचा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोडीचा प्रयत्न करण्याचा, आणि तो फसल्यास न्यायनिर्णयाकडे जाण्याचा. १९४७ चा अधिनियम ज्या संहितेत सामावला गेला ती औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही, आणि समेट न झाल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. जुन्या कायद्यात वैयक्तिक बडतर्फीसाठी तीन वर्षांची मुदत होती, आणि ती अजून अनेकांच्या डोक्यात पक्की असल्यामुळे याबाबत विशेष सावध राहणे आवश्यक आहे. पुणे जिल्ह्यातील कामगाराने आपला अर्ज पुण्यातील कामगार आयुक्तालयात द्यावा, त्याच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी आणि पुढचा अर्ज कोणत्या न्यायालयात वा न्यायाधिकरणात दाखल करावयाचा, हेही तेथेच विचारून घ्यावे.

१९७१ चा अधिनियम हा राज्याचा स्वतंत्र कायदा असून केंद्रीय संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत तो नाही. मात्र त्याचे कलम ५९ असे सांगते की एकाच गोष्टीसाठी या कायद्याखाली कार्यवाही सुरू केल्यावर दुसऱ्या कायद्याखाली तीच दाद मागता येत नाही, म्हणून निवड विचारपूर्वक करावी लागते. ठेकेदाराच्या नावाने गेटपास असलेल्या कामगाराला तर ही निवड फारच महत्त्वाची ठरते. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ कंपनी व कामगार यांच्यात मालक-नोकर नाते आहे की नाही, हाच वाद असेल तर तो १९७१ च्या अधिनियमाखालील तक्रारीत ठरवता येत नाही. ठेका केवळ कागदोपत्री आहे आणि खरा मालक कंपनीच आहे असे म्हणावयाचे असेल, तर समेटाचा मार्ग धरावा आणि कंपनी व ठेकेदार या दोघांनाही पक्षकार करावे.

साखर उद्योगाला राज्यात औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ हा आणखी एक कायदा लागू आहे. त्याखाली बडतर्फीविरुद्ध कामगार न्यायालयात जाण्यापूर्वी कामगाराने मालकाला लेखी ‘ॲप्रोच लेटर’ देणे, म्हणजे आदेश मागे घेण्याची मागणी करणे, बंधनकारक असते आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. या सर्व मुदतींचा एकत्र विचार केला तर व्यवहारात एकच नियम धरावा: कामावरून काढल्याच्या दिवसापासून ९० दिवसांची शेवटची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि सारी तयारी त्या तारखेच्या आत संपवावी.

तोंडी काढले असेल तर पहिला आठवडा

लेखी आदेश न देता फाटकावर अडवलेल्या कामगाराविरुद्ध मालकाचा बचाव ठरलेला असतो: ‘आम्ही काढलेच नाही, तो स्वतःच काम सोडून गेला.’ केमिकल्स अँड फायबर्स प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की काम सोडून जाणे हा हेतूचा प्रश्न आहे आणि तो हेतू परिस्थितीवरून सिद्ध व्हावा लागतो. हा हेतू आपल्या मनात नव्हता हे दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लगेच पत्र पाठवणे. अमुक तारखेला अमुक पाळीला हजर झालो असता फाटकावर अडवण्यात आले, कामावर येण्याची तयारी आजही आहे, कामावर घ्यावे अथवा लेखी कारण द्यावे, एवढ्या चार ओळी पुरेशा असतात. पत्र पोच नोंदवणाऱ्या स्पीड पोस्टने पाठवावे, पावती व पोच जपून ठेवावी, आणि मालकाने पाकीट नाकारल्यामुळे ते परत आले तर ते न फोडता तसेच बंद ठेवावे, कारण टपाल खात्याच्या शेऱ्यासह आलेले बंद पाकीट स्वतःच पुरावा असते. याच काळात कोऱ्या कागदावर, छापील राजीनाम्यावर किंवा ‘फुल अँड फायनल’ हिशेबाच्या पावतीवर सही करू नये. रक्कम स्वीकारणे भागच असेल तर सहीखाली ‘हक्क राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या हाताने लिहावे.

२४० दिवसांचा पुरावा

कपातीच्या, म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे तर इतर कारणाने नोकरी संपवण्याच्या, प्रकरणात संरक्षण मिळण्यासाठी मागील १२ महिन्यांत २४० दिवस काम झाल्याचे दाखवावे लागते. एवढे काम झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन इतकी भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नाही. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ठरवून दिले की या २४० दिवसांत पगारी साप्ताहिक सुट्या आणि पगारी सणाच्या सुट्याही धरायच्या असतात. केवळ प्रत्यक्ष हजेरी मोजून अनेक कामगार स्वतःचाच दावा कमकुवत करतात, म्हणून ही मोजणी महिन्यावार तक्ता करून, सुट्यांचा स्वतंत्र रकाना ठेवून करावी.

हे दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो, आणि तो काही काळ काम केल्याचे नुसते शपथपत्र देऊन संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या हदिमनी आणि २००५ च्या येल्लट्टी या निकालांत सांगितले आहे. मात्र त्याच येल्लट्टी निकालात कामगाराच्या हाती एक मोठे साधन आले आहे: कामगाराने शपथेवर साक्ष दिली, हजेरी पुस्तक व पगारपत्रके मालकाकडून मागवली आणि मालकाने ती हजर केली नाहीत, तर न्यायालय मालकाविरुद्ध अनुमान काढू शकते. म्हणून कागदपत्रे हजर करण्याचा अर्ज हा प्रत्येक प्रकरणात आवर्जून द्यावयाचा अर्ज आहे. त्यात ‘सर्व रेकॉर्ड’ असे मोघम न लिहिता अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे हजेरी पुस्तक, पगारपत्रक, गेट रजिस्टर आणि ठेकेदाराची बिले अशी नेमकी यादी द्यावी.

स्वतःकडील कागदांत भविष्य निर्वाह निधीचे पासबुक सर्वांत बोलके असते, कारण त्यात महिन्यावार वर्गणी आणि ती भरणाऱ्या आस्थापनेचे नाव दिसते. राज्य विमा योजनेची वर्गणी, बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, ओळखपत्र, बोनसची पावती आणि पाळीचे वेळापत्रक पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश हे सारे त्याला जोडावे. मोबाइलमधील संदेशांच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र द्यावे आणि मूळ फोन विकू वा बदलू नये.

तक्रार, कैफियत आणि शपथपत्र

तक्रारीची मांडणी तारखांच्या क्रमाने आणि क्रमांकित परिच्छेदांत असावी. कामाला लागल्याची तारीख, कामाचे स्वरूप, शेवटचा पगार, काढल्याची घटना, त्यानंतरचा पत्रव्यवहार, भंग झालेली तरतूद आणि शेवटी मागणी असा तो क्रम ठेवावा. मागणीत पूर्वीच्या जागी पुन्हा नेमणूक, सेवेतील सलगता आणि काढल्यापासूनचे मागील वेतन या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात, कारण जे मागितलेले नाही ते मिळणे अवघड असते. मागील वेतनासाठी आणखी एक वाक्य अत्यावश्यक आहे. क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाविरुद्ध एका शिक्षिकेने लढवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे मार्गदर्शन केले की बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याने, आपण त्या काळात अन्यत्र लाभाच्या नोकरीत नव्हतो, असे निवेदन करावे. त्यानंतर तो कुठे तरी कमावत होता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. शेतात केलेली मजुरी किंवा हंगामी काम लपवू नये. ते प्रामाणिकपणे, रकमेसह सांगितलेले बरे, कारण एक खोटे वाक्य उलटतपासात उघडे पडले तर बाकीच्या खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

मालकाच्या लेखी उत्तराला कैफियत म्हणतात. ती हाती येताच तिच्यातील कोणती विधाने मान्य, कोणती अमान्य, हे परिच्छेदवार समासात लिहून काढावे. मालकाने जे मान्य केले ते पुन्हा सिद्ध करावे लागत नाही, आणि उरलेल्या वादातूनच न्यायालय ‘मुद्दे’ काढते. कागद दाखल करताना ते यादीसह द्यावेत, न्यायालयाने दिलेला निशाणी क्रमांक आपल्या प्रतीवर लगेच लिहावा, आणि छोटे लेखी निवेदन द्यावयाचे असल्यास ‘पुरसिस’ द्यावी, म्हणजे ते रेकॉर्डवर राहते. प्रत्येक तारखेचे कामकाज ‘रोजनाम्यात’ नोंदले जाते, म्हणून पुढची तारीख कोणाच्या सांगण्यावर न ठेवता स्वतः पाहावी. गैरहजेरीमुळे प्रकरण निकाली निघाले तर विलंब न लावता, कारण व पुरावा जोडून, ते पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज द्यावा.

उलटतपास

कामगाराची साक्ष आजकाल शपथपत्रावर होते आणि मग मालकाचा वकील त्याचा उलटतपास घेतो. शपथपत्र कामगार ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत, म्हणजे मराठीत करावे, आणि सहीपूर्वी प्रत्येक ओळ स्वतः वाचावी. उलटतपासात प्रश्न पूर्ण ऐकून विचारले तेवढेच सांगावे, आठवत नसेल तर आठवत नाही असे म्हणावे, आणि एखादा कागद दाखवला गेल्यास सही ओळखण्यापूर्वी त्यावरील मजकूर वाचू देण्याची विनंती करावी.

मालकाच्या साक्षीदाराचा उलटतपास घेताना त्याच्याशी वाद घालू नये. ज्यांचे उत्तर कागदाने बांधलेले आहे असे छोटे प्रश्न विचारावेत. काम सोडून गेल्याचा बचाव असेल, तर ते प्रश्न साधारण पुढील क्रमाने येतात: कामगार गैरहजर राहू लागल्यावर त्याला हजर होण्याबाबत पत्र पाठवले होते काय, पाठवले असल्यास त्याची पोच या प्रकरणात दाखल आहे काय, कामगाराने पाठवलेले अमुक निशाणीचे पत्र कंपनीला मिळाले हे खरे आहे काय, त्याला कंपनीने उत्तर दिले काय, गैरहजेरीबद्दल आरोपपत्र वा चौकशी झाली काय, हजेरी पुस्तक कंपनीच्या ताब्यात आहे आणि ते न्यायालयात हजर केलेले नाही, हे खरे आहे काय. यांतील बहुतेक प्रश्नांना साक्षीदाराला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणावे लागते आणि दोन्ही उत्तरे कामगाराच्या उपयोगी पडतात. ‘मग मला काढले का?’ असा मोकळा प्रश्न मात्र टाळावा, कारण त्यामुळे साक्षीदाराला तयार केलेली कहाणी पुन्हा सांगण्याची संधी मिळते. शेवटी, साक्षीदार खोटे सांगत आहे असे वाटणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानाबाबत आपले म्हणणे सूचनेच्या रूपाने त्याच्यापुढे ठेवावे, म्हणजे ते विधान आपण मान्य केले असे पुढे म्हणता येत नाही.

खात्यांतर्गत चौकशी झालेली असल्यास

आरोपपत्र देऊन चौकशीअंती काढले असेल, तर लढाईचा पहिला टप्पा त्या चौकशीच्याच योग्यतेचा असतो. कूपर इंजिनिअरिंग प्रकरणात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे, चौकशी न्याय्य झाली का हा प्राथमिक मुद्दा न्यायालय आधी ठरवते, आणि ती सदोष ठरल्यास आरोप न्यायालयासमोर नव्याने सिद्ध करायचे की नाही, याचा निर्णय मालकाला घ्यावा लागतो. म्हणून चौकशी चालू असतानाच आरोपांची कागदपत्रे व साक्षीदारांची यादी लेखी मागावी, सहकाऱ्याची मदत मागावी, उलटतपास नाकारला गेल्यास आक्षेप लेखी नोंदवावा आणि चुकीच्या इतिवृत्तावर सही करताना ‘मजकूर मान्य नाही’ असा शेरा मारावा. चौकशी योग्य ठरली तरी शिक्षा प्रमाणाबाहेर आहे, असा युक्तिवाद उरतोच. त्यासाठी आपली सेवेची वर्षे, निष्कलंक नोंद आणि त्याच चुकीबद्दल इतरांना झालेली सौम्य शिक्षा पुराव्यासह मांडावी.

तडजोड, निकाल आणि मदत

लोकन्यायालयात किंवा समेटात तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो घाईने नाकारू वा स्वीकारू नये. मागील वेतन, नोटीस पगार, भरपाई, उपदान आणि रजेचा पगार यांचा स्वतःचा हिशेब कागदावर करून मगच रकमेचा विचार करावा, कारण लोकन्यायालयाचा निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते. तडजोडपत्रात रक्कम, ती बँकेत जमा होण्याची तारीख, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींची पूर्तता आणि अनुभवाचा दाखला यांचा स्पष्ट उल्लेख हवा. १९७१ च्या अधिनियमाखालील आदेश मालकाने न पाळल्यास कलम ४८ खाली फौजदारी तक्रार करता येते, आणि देणे रक्कम कलम ५० खालील प्रमाणपत्राद्वारे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. कामगार न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध कलम ४४ खाली औद्योगिक न्यायालयाकडे दाद मागता येते.

स्वतः उभे राहण्याचा अर्थ एकाकी लढणे असा नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत विधी सेवेचा स्वतंत्र हक्क दिलेला आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुण्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. ठेकेदारीचा गुंतागुंतीचा वाद, चोरी वा मारहाणीसारखा गंभीर आरोप किंवा उच्च न्यायालयातील याचिका असेल, तर ही मदत घेण्यात कमीपणा मानू नये. आणि जे आज सुखाने कामावर आहेत त्यांनीही दर महिन्याला निधीच्या पासबुकाची प्रत, पगाराची पावती आणि पाळीची नोंद एका फाइलमध्ये लावण्याची सवय ठेवावी, कारण नोकरी गेल्यावर कारखान्याच्या फाटकाआत राहिलेले कागद मिळवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, तर स्वतःच्या घरातील फाइल कोणाच्याही परवानगीशिवाय पहिल्याच तारखेला न्यायालयापुढे ठेवता येते.